चौदा आण्यांची बढती

जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या अंगावर कापसाची पिंज बसते. आधी केसांवर, मग भुवयांवर, मग कोटाच्या कॉलरवर. दिवसभर त्याला पत्ता नसतो. संध्याकाळी घरी गेल्यावर बायको म्हणते, "आधी अंगणात झटकून या!" तेव्हा कळतं, केवढी बसली होती! किस्से तसेच बसतात. मी तीस वर्षं बातमीदारी केली आणि जिनाच्या फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात त्याहून जास्त वेळ घालवला. एवढी पिंज अंगावर बसल्यावर कुठंतरी झटकायला नको?

आमच्या सोलापूरकरांना राज्य बदलायला आगबोट लागत नाही. तुळजापूरच्या वाटेला बैलगाडी जुंपली, की दुपारपर्यंत माणूस इंग्रजी अमलातून मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात! तिकडे सरकार वेगळं, सुट्टीचा वार वेगळा, शेर वेगळा. मुख्य म्हणजे रुपया वेगळा. आपला तो कलदार, तिकडचा तो हाली. सहा कलदार मोजले की सात हाली मिळायचे. दिसायला दोन्ही गोल, दोन्ही चांदीचे. पण हाली रुपया सोलापूरच्या बाजारात आणला की त्याचे चौदा आणेसुद्धा धड येत नसत.

आमच्या दुकानासमोरच्या जिनिंग-प्रेसिंग कंपनीचं हेड ऑफिस मुंबईला, मोठं ऑफिस सोलापूरला आणि शाखा लातूरला, म्हणजे मोगलाईत. एवढं ध्यानात ठेवलं, की वामनरावाचं काय झालं ते कळायला अडचण नाही.

*

वामनराव टेंभुर्णीकर त्या कंपनीत स्टोअर क्लार्क होता. पगार बेचाळीस रुपये. मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती, पण महागाईला ती बातमी अजून पोचली नव्हती. एके दिवशी वामनराव पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात शिरला.

"बदली झाली! लातूरला! पगार पन्नास!"

आम्ही सात-आठ जण होतो. कुणी टाळी दिली, कुणी पाठ थोपटली. पुडा फिरला. मी दुसरा पेढा तोंडात टाकला आणि सहज विचारलं, "पन्नास कसले? कलदार की हाली?"

वामनरावानं खिशातून हुकूम काढला. वाचला. उलटा करून मागची बाजू वाचली. हुकमात नुसतं लिहिलं होतं, 'रुपये पन्नास.'

लातूरला कंपनीचा सगळा व्यवहार हालीत चाले, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. वामनरावालाही होतं! पण बढतीच्या कागदापुढं कुणाला काय आठवतं? मी तिथंच पेन्सिलनं हिशेब मांडला. पन्नास हाली म्हणजे बेचाळीस कलदार आणि वर तेरा आणे काही पै.

"म्हणजे बढती चौदा आण्यांची," मी म्हणालो. "आणि पेढे केवढ्याचे आणलेस?"

"सव्वा रुपयाचे," वामनराव म्हणाला.

पहिल्या महिन्याची बढती मंडळी खाऊन बसली होती!

*

शिक्षणाचा उपयोग काय, असं मला कुणी विचारलं की मी मलप्पाचं नाव सांगतो. मलप्पा अक्कलकोटकडचा गाडीवान. अंगठाबहाद्दर. वामनराव मॅट्रिक पास. सामान लातूरला न्यायचं म्हणून वामनरावानं त्याला गाडीचं भाडं विचारलं.

मलप्पा म्हणाला, "बारा रुपय."

"बरं, बारा," वामनराव म्हणाला. "आठ तारखेला ये."

मलप्पा हलेना. "बरं काय, मालक? कंचं रुपय ते तुमी इचारलंच न्हाय की!"

"कुठले?"

"हितले. बैल हितली पेंड खात्यात. आन् आदी द्याचे. तितं पोचल्यावर मानूस तितला हुतो."

मलप्पानं बारा कलदार कनवटीला लावले, मगच जू उचललं. वामनराव मला म्हणाला, "गोपाळराव, ह्याला आमच्या हेड ऑफिसात नेमला पाहिजे."

मी म्हणालो, "हेड ऑफिसात तोच बसलाय. म्हणून तर तुझा हुकूम तसा निघाला!"

*

वामनरावाची बायको सगुणावहिनी. बोलायच्या कमी, पण बोलल्या की पुढच्याला उठून जावं लागे. मुलगा हायस्कुलात शिकत होता, सोलापुरातल्या खोलीचं भाडं चालू होतं. दोन चुली मांडायच्या तर पैसा हवा. त्यांनी नवऱ्याला साफ सांगितलं, "जिथं माझ्या संसाराचा रुपया चौदा आण्यांचा होतो, तिथं मी पाऊल ठेवणार नाही. पगार कलदारात करून घ्या, मी येते. नाहीतर तुम्ही परत या. मधलं काही मला सांगू नका."

मधल्यातच तर वामनराव अडकला होता! त्यानं अर्ज लिहिला, 'लातूरचा पगार कृपा करून कलदारात मिळावा.' अर्ज बापूसाहेबांकडे गेला. बापूसाहेब म्हणजे सोलापूर ऑफिसचे हेडक्लार्क. अंगावर पांढरा कोट, कानामागं टाक, आणि मुंबईहून आलेला कागद ते सोवळ्यात असल्यासारखा दोन बोटांनी धरत.

बापूसाहेबांनी अर्जावर उत्तर दिलं नाही. सर्क्युलर काढलं! 'कंपनीच्या हुकमात रुपया लिहिला असता तो कोणता, असे कोणत्याही नोकराने विचारू नये. तसे विचारणे म्हणजे कंपनीच्या दानतीवर शंका घेणे होय. कंपनीच्या कागदावर रुपया म्हणजे रुपया.' खाली मुंबईच्या साहेबाची मंजुरी, आणि सही बापूसाहेबांची. ते सर्क्युलर काचेच्या चौकटीत घालून ऑफिसच्या भिंतीवर लावलं गेलं.

मी ते स्वतः जाऊन वाचलं. माझं डोकं फिरलं!

*

डोकं फिरलं की मी लिहितो. आमच्या साप्ताहिकात मी पाऊण कॉलम ठोकला. मथळा, 'नोकरांच्या रुपयाचे दोन आणे कोणी खाल्ले?' कंपनी, हेड ऑफिस, सर्क्युलर, सगळ्यांची सालं काढली. मग वाटलं, लेख एकांगी नको. बातमीदारानं निःपक्षपाती असावं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. म्हणून शेवटी एक वाक्य घातलं: 'लातुरास ज्वारीचा शेर सोलापूरच्या शेराहून मोठा आहे हे खरे, परंतु एवढ्याने अन्याय धुऊन निघत नाही.'

आठ दिवसांनी मुंबईचं पत्र आलं. 'वर्तमानपत्रावरून असे कळते, की लातुरास शेर मोठा आहे. सबब तेथील नोकरांस धान्य स्वस्त पडते. म्हणून त्यांचा दोन रुपये घरभत्ता या महिन्यापासून बंद करण्यात येत आहे.' सोबत माझ्या लेखाचं कात्रण. शेवटच्या वाक्याखाली तांबड्या शाईची रेघ!

वामनराव लातूरहून आला होता, तो दुकानात माझ्यासमोर बसला. चहा प्यायला. बशी खाली ठेवली.

"गोपाळराव, एक विनंती आहे."

"बोल."

"माझी बाजू पुन्हा घेऊ नका. परवडत नाही."

*

लातूरला जातानाचा नाक्यावरचा किस्सा तर राहूनच गेला. तो मलप्पाच्या तोंडून ऐकण्यासारखा आहे, पण मलप्पा त्यात बैलांचंच कौतुक जास्त करतो, म्हणून मीच सांगतो.

मोगलाईच्या हद्दीवर जकातीचा नाका होता. घरच्या वापरातल्या सामानाला जकात माफ, विक्रीच्या मालाला लागू. वहिनींनी नवऱ्याला हातानं करून खाण्यापुरती भांडी दिली होती: पातेली, परात, दोन तांबे, डबे, एक घंगाळ. आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून भांडी देतात आणि देणारा त्यावर स्वतःचं नाव घालून देतो. म्हणजे भांडं जन्मभर तुमच्या घरात राहणार आणि जन्मभर मामाचं नाव सांगणार!

नाकेदारानं पोतं उघडलं. त्याच्या कारकुनाला मराठी वाचता येत होतं. तो एकेक भांडं उचलून मोठ्यानं वाचू लागला. पातेल्यावर केशव नारायण, माढा. परातीवर दत्तोपंत मामा, माळशिरस. घंगाळावर सीताबाई आत्या. डब्यावर समस्त शेजारी मंडळी!

नाकेदार म्हणाला, "मियाँ, तुमारा नाम क्या?"

"वामन गणेश टेंभुर्णीकर."

"तो ये सामान तुमारा कैसा? तुमारा नाम किसपे बी नै!"

वामनरावानं सांगितलं, भांडी लग्नातली आहेत, बायकोच्या माहेरची. नाकेदारानं कारकुनाला पुन्हा शोधायला लावलं. एका डब्यावर 'चि. सगुणा हिस' असं निघालं.

"हौ! ये सगुणा कहाँ है?"

"सोलापुरात."

"मालकीन सोलापूर में, सामान हितं, और तुम बीच में कौन? बेपारी!"

वामनराव घामाघूम. शेवटी मलप्पा गाडीवरून उतरला. त्यानं घंगाळ उचलून उन्हात धरलं. "सायेब, ह्यो मानूस भांडी इकनारा असता, तर असली पोचं पडल्याली भांडी घिऊन आला असता व्हय? ह्ये घंगाळ बगा. ह्येला गिऱ्हाइक सोडा, चोर बी न्हाय मिळायचा!"

नाकेदार हसला. पोचे पडलेली भांडी सुटली. एका चकचकीत तांब्यावर मात्र जकात बसली, कारण त्याला एकही पोचा नव्हता. वामनराव निघाला, तर मलप्पानं त्याचा दंड धरला. "मालक, पुडल्या येळंस निगताना समद्या भांड्यास्नी एक एक दगुड घाला!"

वामनरावानं दगड घातला नाही, त्याहून वाईट केलं. लातूरला पोचल्याबरोबर नाव घालणाऱ्याला गाठलं आणि सगळ्या भांड्यांवर 'वामन गणेश' कोरून घेतलं. पुढं दिवाळीला त्यातली परात सोलापूरला आणली. वहिनींनी ती उजेडात धरली. दत्तोपंत मामांच्या नावावर 'वामन गणेश' बसलेले!

त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, लिहून घ्या तुमच्या पेपरात. बढती चौदा आण्यांची, आणि तेवढ्यात माझं माहेर नावावर करून घेतलं!"

*

हाली-कलदारापेक्षा सुट्टीचा घोळ मोठा होता. सोलापूर ऑफिसला रविवारी सुट्टी, लातूरला शुक्रवारी. शुक्रवारी वामनराव आंघोळीला बसला, की सोलापूरहून तार येई, 'स्टॉकचा आकडा कळवा.' रविवारी सोलापूर झोपलेलं, पण लातूरचं जिन सुरू! आठवड्याला दोन सुट्ट्या असलेला तो कंपनीतला एकमेव नोकर होता आणि त्याला एकही मिळत नव्हती.

त्यानं पुन्हा अर्ज केला. या वेळी मी त्यात हात घातला नाही, याची नोंद व्हावी. बापूसाहेबांनी हुकूम दिला, 'दोन्ही सुट्ट्या मंजूर. शुक्रवारची सुट्टी लातुरास हजर राहून भोगावी, रविवारची सोलापुरास हजर राहून भोगावी. येण्याजाण्याचे शनिवार व सोमवार बिनपगारी धरले जातील.'

वामनराव म्हणाला, "ही सुट्टी भोगायची ठरवली तर महिन्याला आठ दिवस पगार नाही. यापेक्षा काम स्वस्त!"

*

अखेर वामनरावाच्या तिसऱ्या अर्जाला यश आलं. मुंबईनं ठरवलं, की लातूरला राहायला खर्च किती येतो ते समक्ष बघावं. इन्स्पेक्टर आला. गोरटेला, बोलायला फार गोड, खायला त्याहून गोड! वामनराव त्याला उतरवून घ्यायला गेला आणि म्हणाला, "खानावळीत कशाला? गरिबाकडेच उतरा." आपली माणसं! पाहुणा म्हटला की जीभ डोक्याच्या आधी धावते.

इन्स्पेक्टर पंधरा दिवस उतरला. त्याच्यासाठी वामनरावानं आचारी ठेवला. सकाळी शिरा, दुपारी वरणावर तूप, संध्याकाळी भजी. इन्स्पेक्टरला मसाल्याचं दूध लागे. वामनराव मला पत्रातून कळवत होता, 'गोपाळराव, खर्च होतोय, पण साहेब स्वतः डोळ्यांनी बघतोय. आता कलदार नक्की.'

साहेबानं डोळ्यांनी बघितलं नाही, पोटानं बघितलं. त्याचा रिपोर्ट मुंबईहून सोलापूरला आला. बापूसाहेबांच्या टेबलावरून त्याची नक्कल माझ्यापर्यंत कशी आली, ते मी सांगणार नाही. बातमीदाराचा धर्म आहे. त्यात लिहिलं होतं: 'मी लातुरास पंधरा दिवस राहून पाहिले. हवा उत्तम. तूप अप्रतिम. राहणीचा एकूण खर्च: निल.'

निल!

मी ती नक्कल घेऊन तडक सगुणावहिनींकडे गेलो. म्हणालो, "वहिनी, आता मी ह्यांना सोडत नाही! सबंध पान लिहितो!"

त्यांनी नक्कल दोनदा वाचली. त्यांना वाचता चांगलं येत होतं. मग शांतपणे विचारलं, "हे बापूसाहेबांनी वाचलंय?"

"वाचलंय म्हणजे? जो येईल त्याला वाचून दाखवतायत! खरंच मानतात ते!"

"मग लिहू नका तुम्ही काही. आणि हा कागद माझ्याकडे राहू द्या."

"कशाला?"

"असू द्या. नळावर बायका विचारतात, लातूर कसं आहे म्हणून."

बापूसाहेबांचं बिऱ्हाड त्याच बोळात होतं. नळ एकच.

*

पुढं चार महिने काहीच घडलं नाही. वामनराव तिकडे स्वतः भाकरी थापत होता, वहिनी इकडे मुलाचा अभ्यास घेत होत्या. मी दोनदा लेख लिहायला बसलो आणि दोनदा वहिनींची आठवण होऊन उठलो.

मग एका संध्याकाळी चहाच्या दुकानात साक्षात बापूसाहेब आले. आजवर ते दुकानाची पायरी चढले नव्हते. कोट पांढराशुभ्र. हातात पेढ्यांचा मोठा पुडा.

"मंडळी, तोंड गोड करा. आम्ही लातूरला चाललो! शाखेचे मॅनेजर म्हणून! नव्वदाचे शंभर!"

वामनराव त्या दिवशी सोलापुरातच होता, माझ्या शेजारी. त्याच्या खिशात त्याच हुकमाची नक्कल होती. कलम एक बापूसाहेबांचं. कलम दोन, 'टेंभुर्णीकर यांस सोलापूर ऑफिसात परत घेण्यात येत आहे, चालू पगारावर, रुपये पन्नास.' नुसते रुपये पन्नास. आणि सोलापूर ऑफिसच्या तिजोरीत हाली रुपया औषधालाही नव्हता.

"बापूसाहेब, लातूर कसं काय सुचलं?" मी विचारलं.

"अहो, मीच मागून घेतलं! आमच्या घरात चार महिने एकच ध्यास. लातूरला शेर मोठा, तूप अप्रतिम, खर्च काही नाहीच. आणि खोटं काय त्यात? सगळं कंपनीच्या कागदावर आहे!"

मला राहवेना. तीस वर्षांची खोड. "पण बापूसाहेब, शंभर कसले? कलदार की हाली?"

बापूसाहेबांचा चेहरा किंचित उतरला. "मॅनेजरला काय हाली देतील?"

"मुंबईला विचारून घेतलंत?"

"विचारायचं कसं?" बापूसाहेब आवाज खाली आणून म्हणाले. "सर्क्युलर माझंच आहे ना!"

दुकानात कुणी हसलं नाही. वामनरावानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि चांगला दाबला. मग बापूसाहेबांकडे वळून तो म्हणाला, "काही काळजी करू नका. कंपनीच्या कागदावर रुपया म्हणजे रुपया! भांडी मात्र घरचीच न्या. लग्नातली, वहिनींच्या माहेरची. चांगली घासून, चकचकीत करून न्या."

"ती तर नेणारच! घ्या, वामनराव, पेढा घ्या."

वामनरावानं दोन पेढे उचलले. एक तोंडात टाकला. दुसरा रुमालात बांधून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"तो कुणाला?" बापूसाहेबांनी विचारलं.

"घरात," वामनराव म्हणाला. "चार महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलंय त्यांनी, बापूसाहेबांचे पेढे येतील तेव्हा एक आठवणीनं आणा म्हणून."